उपटली नाहीत

बियाणं कंपनीतल्या सदाशिवप्पा सरांनी तिच्या अर्जाच्या पत्रात दोनच शब्द घातले होते, तेही पेन्सिलीनं, हलक्या हातानं, हवे तर खोडता यावेत असे. 'मी ब्याडगीच्या रंगाचं, चुरडा-मुरडा रोगाला दाद न देणारं मिरचीचं वाण तयार केलं,' असं नीलांबिकेनं लिहिलं होतं. सरांनी 'तयार' आणि 'केलं' यांच्या मधे एक लहानसं छप्पर काढून त्यावर 'करण्यास साहाय्य' एवढं बसवलं होतं. बाकी पत्राला त्यांनी हात लावला नव्हता. उलट, चहाचा ग्लास तिच्याकडे सरकवत ते म्हणाले होते, "छान लिहिलंयस. फक्त खरं तेच लिहावं माणसानं. हैदराबादची माणसं आहेत, फोन करून विचारणार मला. तेव्हा तुझं-माझं वेगळं निघायला नको." आणि ती "हो सर" म्हणाली होती. चहा पिऊन, पत्राची घडी पर्समध्ये ठेवून, दुपारभर बायकांबरोबर पिकल्या मिरच्यांतून बी काढून, हात धुऊन ती बसमध्ये येऊन बसली, तेव्हा कुठे तिला ते 'हो सर' ऐकू आलं. दुसऱ्याच कुणाच्या तरी तोंडून यावं तसं.

हरिहर रस्त्यानं बस दावणगेरेत शिरत होती. नीलांबिकेनं दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले होते. मिरचीचं बी काढलं की बोटं दुसऱ्या दिवसापर्यंत जळत राहतात. तेल लावा, ताकात बुडवा, आग आत जाऊन बसते आणि कशाला हात लागला की वर येते. पर्सची चेन उघडताना ती वर आली. तिनं पत्र काढून पुन्हा वाचलं. साहाय्य. शब्द वाईट नव्हता. देवळाला लोक साहाय्य करतात, पूरग्रस्तांना करतात. या वाणासाठी झालेल्या सरांच्या सत्कारातही तिला जी शाल मिळाली होती ती 'बहुमोल साहाय्याबद्दल'च मिळाली होती, आणि ती घरी घेऊन जाताना तिला बरंच वाटलं होतं. मग आजच काय झालं? ती खिडकीबाहेर बघत स्वतःला विचारत राहिली. आजवर तो शब्द दुसऱ्यांनी तिच्याबद्दल उच्चारला होता. त्यात तिचा दोष नव्हता. आज तो तिच्या वाक्यात, तिच्या 'मी'च्या पुढे येऊन बसला होता. खाली सही तिची असणार होती. लोकांनी खोटं बोलावं आणि आपण गप्प बसावं, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं. पण ते खोटं आपल्याच हातानं लिहून द्यायचं, म्हणजे काहीतरी वेगळंच होतं, आणि त्याला तिचा हात तयार नव्हता.

हैदराबादच्या कंपनीला मिरची विभागाचा प्रमुख हवा होता. जाहिरातीत लिहिलं होतं, अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा. 'तुमच्या संस्थेनं काय केलं ते आम्हाला ठाऊक आहे. तुम्ही स्वतः काय केलंत ते लिहा.' ते वाक्य वाचून नीलांबिकेला आधी हसू आलं आणि मग कितीतरी दिवस काही सुचलं नाही. एकेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. लग्न का केलं नाहीस, हे विचारून लोक दमले होते. एवढ्या उन्हात काळी पडशील, पुरुषांनी करायची ती नोकरी, हेही होऊन गेलं होतं. तिनं फोनवर पत्र कसं लिहावं त्याचे व्हिडिओ पाहिले. टाय लावलेला एक तरुण हात हलवत सांगत होता, क्रियापदं जोरकस वापरा, नम्रता दारात काढून ठेवा, समोरच्याला तुमची गरज आहे असं वाटलं पाहिजे. तो स्वतः कधी कुणाच्या दारात उभा राहिला असेल असं काही वाटत नव्हतं. तो व्हिडिओ बंद केला की शेजारच्या खोलीतून अप्पांचा, तिच्या वडिलांचा, खोकला ऐकू यायचा, आणि अप्पांचं मत बरोबर उलटं होतं.

अप्पांनी गिरण्यांच्या मागच्या गल्लीत तीस-एक वर्षं टायपिंगचा वर्ग चालवला. गिरण्या चालू होत्या तोवर अर्ध्या दावणगेरेचे नोकरीचे अर्ज त्यांच्या हातून गेले. लहानपणी नीलांबिका त्यांच्या टेबलाखाली बसून अभ्यास करायची. डोक्यावर अक्षरांचा पाऊस पडत असायचा आणि ओळ संपली की घंटी. 'नम्र विनंती की', 'कृपावंत होऊन', 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक'. एवढं आलं की अर्ज आला, मधलं काय ते नुसतं भरताड, असं अप्पा म्हणत. एकदा एक बाई आली होती. तिचा नवरा नुकताच वारला होता आणि तिला सूतखात्यात लागायचं होतं. अप्पांनी तिचा अर्ज वाचून दाखवला: अनाथ, निराधार, दयेस पात्र. बाई म्हणाली, "दया कशाला लिहिता मास्तर? मला धागा जोडता येतो, तेवढं लिवा." अप्पा म्हणाले, "धागा सगळ्यांनाच जोडता येतो, अम्मा. दया आली पाहिजे साहेबाला." बाईनं पैसे ठेवले, कागद घेतला, पण घेताना असा घेतला की टेबलाखालच्या नीलांबिकेला फक्त तिचे पाय दिसत होते तरी तिला ते आवडलं नाही हे समजलं. पाय क्षणभर अडले होते. तिला पुढे नोकरी लागली की नाही, कुणास ठाऊक. नंतर गिरण्याच बंद पडल्या. दया करणारे साहेबही आपापल्या गावी गेले.

घरी आली तेव्हा अप्पा मंडक्कीच्या कुरमुऱ्यांत कांदा-टोमॅटो कालवून बसले होते, शेजारी बशीत दोन मिरची भजी. "आलीस? सरांनी बघितलं का पत्र?" त्यांनी विचारलं. तिनं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. चष्मा लावून त्यांनी ते वाचलं, पेन्सिलीच्या शब्दांवर बोट ठेवलं आणि मान डोलावली. "बघ. मोठा माणूस तो मोठा माणूस. दोन शब्दांत अर्ज रांगेला लावला. तुझ्या वाक्यात नुसता ताठा होता."

"ताठा नाही अप्पा. झालं ते लिहिलं होतं."

"झालं ते कुणीही लिहील. अर्जात वाकावं लागतं."

"आणि नोकरी लागल्यावर?"

"नोकरी लागल्यावर वाकावं लागतंच, ते शिकवायला नको," अप्पा म्हणाले आणि भज्याचा देठ मोडून बाजूला ठेवला.

ती गच्चीवर गेली. उन्हं कलली होती, पण फरशी अजून तापलेली होती. कठड्याजवळ रिकाम्या कुंड्या एकात एक घालून ठेवल्या होत्या. याच गच्चीवर, जुनी मच्छरदाणी चारी बाजूंनी बांधून, तिनं ती रोपं वाढवली होती. त्या वर्षी सरांच्या रानात चुरडा-मुरडा आला तो असा आला, की आठवड्याभरात पानं होडीसारखी वळली, झाडं मुठीएवढी होऊन बसली. पांढऱ्या माशीचा धूर उठत होता. सर बांधावर नाकाला रुमाल लावून उभे राहिले. त्यांचा चेहरा नीलांबिकेला आजही दिसतो. त्यांची कितीतरी वर्षांची मेहनत त्या रानात होती, आणि ते रडतील की काय असं तिला वाटलं होतं. ते म्हणाले, "सगळं उपट आणि जाळ. एक काडी शिल्लक ठेवू नकोस. उद्या मला रान मोकळं दिसलं पाहिजे." ती बायकांना घेऊन उपटत निघाली. दुपारी, पंपाच्या खोलीमागच्या कोपऱ्यात हनुमव्वा थांबली. हनुमव्वा त्या कामावरची सगळ्यांत जुनी बाई. बोलायची कमी, बोलली तर टोचायची. ती म्हणाली, "अक्का, हे येत नाही. घट्ट बसलंय मेलं. मला नको म्हणतंय." नीलांबिका वाकली. चहूकडे मेलेल्या झाडांत ते एक रोप सरळ उभं होतं, पानं सपाट, आणि त्याच्या बाजूला आणखी दोन-तीन तशीच. माशी त्यांच्यावरही बसत होती. त्यांना काही होत नव्हतं. तिनं पानाची मागची बाजू अंगठ्यानं चाचपली, आणि तिच्या छातीत जे काही झालं त्याला तिला आजतागायत नाव सापडलेलं नाही. सरांना हाक मारावी, हे मनात आलं. मग आलं की त्यांना हाक मारली तर ते येतील, रुमालामागून बघतील आणि म्हणतील, उपट. तेव्हा ते काही बघण्याच्या स्थितीत नव्हते. तिनं हनुमव्वाला बाभळीच्या काट्या आणायला सांगितलं. रोपं झाकली. संध्याकाळी सरांनी विचारलं, "झालं सगळं?" ती म्हणाली, "हो सर. सगळी उपटली."

त्या रोपांचं बी तिनं घरी आणलं, पण तिथून पुढे सगळं तिनं एकटीनं केलं असंही नाही. मिरचीची कळी उमलण्याआधी दुपारी चिमट्यानं तिच्यातले पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग लावायचे, वर कापडी पिशवी बांधायची, हे तिला सरांनीच शिकवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी तिचा हात मनगटाशी धरून दाखवला होता, "कळीला कळता कामा नये." कोणतीही बियाणं कंपनी उन्हात बाई नको म्हणत होती, तेव्हा त्यांनीच तिला ठेवून घेतलं. बायकांसाठी रानात शौचकूप बांधा म्हणून तेच मालकांशी भांडले. हे सगळं खरं होतं, आणि गच्चीवर बसून ते आठवलं की ते दोन पेन्सिलीचे शब्द इतके क्षुल्लक वाटायला लागत की तिचाच तिला राग येई. पण मग हेही खरं होतं: हंगामामागून हंगाम ती घरी येऊन, भाकरी करण्याआधी, या मच्छरदाणीत शिरत होती. ब्याडगीशी संकर करून पुढच्या पिढ्या वाढवत होती, रोगट झाडं मुद्दाम शेजारी आणून ठेवत होती, जी वळली ती टाकत होती. शेवटी एक दिवस मूठभर फळं, सुकवून सुरकुतलेली, काळसर लाल, तिनं सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सरांनी एक मिरची मोडली, वास घेतला, अर्धी चावून खाल्ली. रागावतील म्हणून ती उभी होती. ते म्हणाले, "आपलं काम झालं, नीलांबिका." त्या 'आपलं'मुळे तिचे डोळे भरून आले होते. एवढा मोठा माणूस आपल्याला आपल्यात घेतो आहे, असं तिला वाटलं. शब्द किती दिशांनी वाचता येतो हे तेव्हा कळायला हवं होतं. नोंदणीला सरांचं नाव गेलं, शोधनिबंधात त्यांचं पहिलं आणि तिचं तिसरं, मधे मालकांचा मुलगा, ज्यानं ती झाडं एकदाही पाहिली नव्हती. कुणी विचारलंच तर सर आजही 'आपलं वाण' म्हणतात. खोटं ते कधीच बोलले नाहीत.

खाली येऊन तिनं नवा कागद घेतला. अप्पांच्या जुन्या टेबलावर बसली. टाइपरायटर केव्हाच भंगारात गेला होता. टेबलाला त्याच्या पायांचे चार खड्डे राहिले होते. तिनं जुन्या पत्रातली वरची सगळी वाक्यं काढून टाकली: परिश्रमी, संघभावना, दीर्घ अनुभव. मग लिहिलं, 'त्या हंगामात रोगट रान उपटून जाळण्याची आज्ञा मला झाली होती. त्यातली काही रोपं मी उपटली नाहीत.' लिहून ती थांबली. हात जळत होता. 'मी' या अक्षराकडे बघता बघता तिला हनुमव्वा दिसली, रोपाच्या देठाला धरून मागे रेललेली. ती थांबली नसती तर? आपण त्या ओळीतून पुढे निघून गेलो असतो, आणि तेही रोप इतरांबरोबर जळलं असतं. सरांना जे सांगायचं ते आधी स्वतःला लागू करावं लागणार, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला अवघडल्यासारखं झालं. क्षणभर तिला 'साहाय्य' हा शब्द किती सोयीचा आहे हे उमगलं. हनुमव्वानं साहाय्य केलं, असं लिहून मोकळं होता आलं असतं. तिनं लिहिलं, 'एक रोप उपटत नाही हे पहिल्यांदा माझ्याबरोबर काम करणाऱ्या हनुमव्वा यांना जाणवलं. पानं मी पाहिली. रोपं आम्ही दोघींनी झाकली. वरिष्ठांना मी खोटं सांगितलं. पुढचे सगळे हंगाम माझ्या घराच्या गच्चीवर मी हे वाण तयार केलं.' शेवटी कोणत्या चाचण्या, कोणते संकर, सगळं तपशिलानं, आणि 'आपली' एवढं लिहून सही.

अप्पांनी ते ताटावर बसण्याआधी वाचलं. ज्वारीची भाकरी गार होत होती. वाचून झाल्यावर त्यांनी कागद उलटा करून पाहिला, मागे काही सारवासारव केली आहे का म्हणून. "हा अर्ज आहे की कबुलीजबाब?" ते म्हणाले. "नोकरी मागायला निघालीस आणि पहिल्याच ओळीत सांगतेस, मी सांगितलेलं ऐकत नाही."

"ऐकलं असतं तर सांगण्यासारखं काही राहिलं नसतं."

"आणि ही हनुमव्वा कोण मधेच? लग्नपत्रिका आहे का, सगळ्यांची नावं घालायला? मग माझंही घाल. तू गावाला जायचीस तेव्हा त्या कुंड्यांना पाणी मीच घालत होतो."

"घालू?" तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "नको," ते म्हणाले. थोड्या वेळानं भाकरी मोडत खाली बघून म्हणाले, "सदाशिवप्पांचं मीठ खाल्लंयस तू. अशी माणसं नाराज झाली की या धंद्यात दार उघडत नाही कुणी. मी शेकड्यांनी अर्ज लिहिले, नीला. एकातही मी असं लिहू दिलं नसतं."

"म्हणून मीच लिहिलं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी अप्पांनी चटणीची वाटी स्वतःकडे ओढून घेतली.

सरांना न दाखवता पाठवणं सोपं होतं. पण लपवून केलेलं एकदा पुरे झालं होतं. सकाळी ती सरळ त्यांच्या खोलीत गेली आणि पत्र टेबलावर ठेवलं. खिडकीतून रानाचा ओला वास येत होता. सर वाचत असताना ती त्यांच्या बोटांकडे बघत उभी राहिली. पेन्सिल त्यांनी उचलली, हातात फिरवली आणि पुन्हा ठेवली. "हे पाठवणार आहेस?"

"हो सर."

आजचं 'हो सर' तिला तिथल्या तिथे ऐकू आलं. ते तिचंच होतं.

"मी तुझं वाईट केलं का कधी?"

"नाही."

"मग हे काय? माणसं वाचतील, म्हणतील सदाशिवप्पाला आपल्याच रानात काय उभं आहे ते दिसलं नाही."

"त्या दिवशी दिसलं नव्हतं, सर."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चष्म्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले, आणि पत्र उचलायला तिचा हात पुढे झाला. नेमकी हीच वेळ, तिनं स्वतःला सांगितलं, आजवर दर वेळी इथेच तू परत फिरलीस. सर म्हणाले, "त्यांचा फोन आला तर मी काय सांगायचं?"

"काल तुम्हीच म्हणालात, खरं तेच."

तिनं फोन काढला, पत्र आधीच त्यात चढवून ठेवलं होतं, आणि त्यांच्यासमोर अंगठा दाबला. अंगठ्याला आग झाली. त्या दिवसापासून सर तिच्याशी कामापुरतं बोलू लागले, आणि चहा आपापल्या जागी येऊ लागला. मालकांचा मुलगा एकदा बांधावर येऊन म्हणाला, "ऐकलं, मॅडम हैदराबादला पळताहेत." ती म्हणाली, "पळत नाही. अर्ज करून चालले आहे." बायका खाली बघून हसल्या. हनुमव्वाला तिनं पत्रातल्या नावाचं सांगितलं तेव्हा हनुमव्वा म्हणाली, "माझं नाव तेलुगू माणसांना वाचता येईल का पण?" आणि पुढच्या ओळीत कळ्या बांधायला गेली.

हैदराबादला तिघेजण होते. विभागाच्या संचालक डॉ. सीतामहालक्ष्मी, साठीच्या आसपासच्या, सुती साडी, बोटांच्या टोकांवर डाग. त्यांच्या उजवीकडे एक गप्प शास्त्रज्ञ. डावीकडे नोकरभरतीचा तरुण अधिकारी, ज्याच्या पुढ्यात तिचं पत्र होतं आणि तिच्या एका ओळीवर पिवळी खूण होती. त्यानंच सुरुवात केली. "तुम्ही वरिष्ठांशी खोटं बोललात, हे स्वतः लिहून पाठवलंत."

"हो."

"असं कुणी लिहीत नाही. एवढी ओळ आपण काढू या का? बाकी पत्र फार चांगलं आहे. वरती फाइल जाते, तिथे ती खटकेल."

तिला हसू येणार होतं. एका शहरात शब्द घालायला माणूस भेटला, दुसऱ्या शहरात काढायला. "ओळ काढलीत तर पुढचं वाण कुठून आलं ते कळणार नाही," ती म्हणाली. "ती राहू दे. नोकरी नाही मिळाली तरी राहू दे."

तरुणानं खांदे उडवले. सीतामहालक्ष्मी आतापर्यंत तिच्या हातांकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "उद्या मी सांगितलं, ही रांग उपटा. तुम्हाला पटलं नाही. काय कराल?"

"तुमच्याशी भांडेन, मॅडम. तेव्हा मला भांडता येत नव्हतं, म्हणून खोटं बोलले. आता येतं."

गप्प शास्त्रज्ञ पहिल्यांदा हलला. सीतामहालक्ष्मींनी पाण्याचा ग्लास बाजूला केला. "मी तुमच्या सदाशिवप्पांना फोन केला होता," त्या म्हणाल्या, आणि नीलांबिका खुर्चीत ताठ झाली. याच क्षणासाठी ती गाडीत रात्रभर उत्तरं घासून घेऊन आली होती: गच्चीवरचे फोटो, तारखा, हनुमव्वाची साक्ष. "ते म्हणाले, पत्रात लिहिलंय तसंच झालं. उपटायला मीच सांगितलं होतं. वाण तिचं आहे. आणि म्हणाले, ती तुमचंही ऐकणार नाही, एवढं धरून चाला."

बाहेर आल्यावर ती रस्त्याकडेला एका इराणी हॉटेलात शिरली, चहा मागवला, आणि तो तसाच गार होऊ दिला. तिला आनंद व्हायला हवा होता. सरांबद्दल मऊ काहीतरी वाटायला हवं होतं. त्याऐवजी राग येत होता, आजवर कधी आला नव्हता इतका, डोळ्यांपर्यंत. म्हणजे त्यांना माहीत होतं. त्यांची समजूत वेगळी असेल, मोठ्या माणसांना आपण सांगितलेलंच खरं वाटायला लागतं, इतकी सूट ती त्यांना मनातल्या मनात देत आली होती. ती सूट फुकट गेली. त्यांना लख्ख माहीत होतं, आणि सांगताही येत होतं, एका अनोळखी बाईला, फोनवर, दुसऱ्या राज्यात, दूरवर. फक्त तिच्यासमोर सांगता येत नव्हतं. सत्काराच्या मांडवात, मालकांच्या खोलीत, त्या लाकडी टेबलापलीकडे बसून चहाचा ग्लास सरकवताना सांगता येत नव्हतं. तिथे हलक्या हातानं पेन्सिल चालत होती. तिनं गार चहा पिऊन टाकला. समोरच्या आरशात तिला स्वतःचा चेहरा दिसला. उन्हानं रापलेला, कपाळावर घाम, आणि अजिबात नम्र नसलेला. तिला तो आवडला.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा अप्पांनी ते आधी लिफाफ्यावरून, मग आतून, मग सहीपासून उलटं वाचलं. "त्यांनी तुझी ती ओळ वाचलीच नसणार," ते म्हणाले. "दोन पानं चिकटली असतील."

"एकच पान होतं, अप्पा."

"मग वाचून नोकरी दिली असेल तर कठीण लोक आहेत. जपून राहा." आणि जरा थांबून, "तिथे बेण्णे दोसा मिळतो का, आपला लोण्याचा?"

"नाही मिळत."

"मग मी एकच महिना राहून बघीन," अप्पा म्हणाले आणि पत्राची नीट घडी करून ते देवाऱ्यात ठेवायला गेले. ते तिनं त्यांना ठेवू दिलं.

राजीनामा घेऊन ती सरांकडे गेली तेव्हा दुपारची सुट्टी झाली होती. बाहेर करंजाखाली बायका डबे सोडत होत्या. सरांनी राजीनामा वाचला, सही केली. "मिळालं म्हणायचं," ते म्हणाले. "मी बोललो होतो त्यांच्याशी." आणि वाट पाहिली. आभाराची वाट पाहताना ते नेहमी खिडकीबाहेर बघत.

"कळलं मला. जे बोललात ते इथे बोला, सर."

"इथे म्हणजे?"

"बाहेर. सगळ्या जेवायला बसल्यात."

"आता कशाला? हवं ते मिळालं ना तुला?"

"नोकरी मिळाली. हे मिळालं नाही."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "नीलांबिका, तू मला मुलीसारखी आहेस."

"मुलगी असते तर वाण माझ्या नावावर केलं असतंत," ती म्हणाली. हे वाक्य तिनं घासून आणलं नव्हतं. ते कुठून आलं तिलाही कळलं नाही, पण बोलून झाल्यावर मागे घ्यावंसं वाटलं नाही. ती दार धरून उभी राहिली. सर जाग्यावरून हलणार नाहीत, असं तिला वाटत होतं. तसं झालं असतं तर ती एकटीच बाहेर गेली असती. पण त्यांनी खुंटीवरची टोपी काढली, डोक्यावर घातली, जशी रान बघायला निघताना घालत, आणि तिच्यापुढून बाहेर गेले.

करंजाची सावली आखूड होती. सर सावलीच्या कडेला, उन्हात उभे राहिले. बायकांनी पदर सारखे केले, एकीनं डबा झाकला. "ऐका," ते म्हणाले, आणि घसा साफ केला. "ते आपलं वाण... ते वाण नीलांबिकेचं आहे. मी उपटायला सांगितलं होतं. तिनं उपटलं नाही."

हनुमव्वानं कडक भाकरीचा तुकडा मोडला, शेंगाचटणीत बुडवला. "ठाऊक आहे की, सर," ती म्हणाली. "काट्या मीच आणल्या होत्या. सगळ्यांना ठाऊक आहे. तुम्हीच तेवढे राहिला होतात."

एक बाई खोकली, आणि तो खोकला नव्हता. सर तसेच उभे राहिले. टोपीखालून घामाची धार कानामागे उतरली. नीलांबिकेला हलकं वाटलं नाही, त्यांची कीवही आली नाही, किंवा आली असेल तर तिनं तिला मधे बोलू दिलं नाही. ती सावलीत गेली. हनुमव्वानं सरकून जागा केली आणि अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. नीलांबिका मांडी घालून बसली, पहिला घास खाल्ला, आणि म्हणाली, "यांनी फार थोडक्यात सांगितलं. आता मी सांगते." मग सर उन्हात ऐकत उभे असताना तिनं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.